नाताळ, तेरा माणसे आणि वहिनींची वही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की आपल्या पुरवणीत सजावटीच्या कल्पना, भेटवस्तूंची निवड, सुटीतील सहली आणि पाहुण्यांसाठीचे नवे पदार्थ यांवर भरभरून मजकूर येतो. तो मी आवडीने वाचतो आणि त्यात काही गैर आहे असेही मला म्हणायचे नाही. परंतु चार घरांतील माणसे एका छपराखाली सलग दहा-अकरा दिवस राहतात तेव्हा प्रत्यक्षात काय होते, कोण थकते, कशावरून बिनसते आणि बिनसलेले पुन्हा जुळते कसे, यावर दोन ओळीही कोठे वाचल्याचे मला स्मरत नाही. गेल्या नाताळाची सुटी आम्ही भावंडांनी वडिलांसह एकत्र घालवली. त्या सुटीत मी जे शिकलो ते बहुतांशी स्वतःच्या चुकांमधून शिकलो, आणि त्यातले बरेचसे माझ्या वयाच्या माणसाला आधीच ठाऊक असायला हवे होते. तरीही इतर कुणाच्या उपयोगी पडेल या आशेने ते येथे मांडतो.

आई गेल्यानंतरचा तो आमचा पहिला नाताळ होता. ती मार्च महिन्यात गेली. तोपर्यंत दरवर्षी नाताळ तिच्याभोवती आपोआप घडत असे, निदान आम्हाला तसे वाटत असे. आता बाबा दादाकडे राहतात, म्हणून सर्वांनी दादाकडेच जमावे असे ठरले. ठरले म्हणजे आम्हा तिघा भावंडांच्या एका फोनवर ठरले. ज्या वहिनींच्या घरी हे सारे व्हायचे होते त्या फोनवर नव्हत्या, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आले. बाबा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले, ताई, तिचे यजमान, त्यांची दोन मुले आणि ताईच्या सासूबाई, शिवाय मी, माझी पत्नी आणि मुलगा अशी तेरा माणसे. 19 डिसेंबर ते 29 डिसेंबर असा अकरा दिवसांचा मुक्काम.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेन शोधत स्वयंपाकघरातील एक खण उघडला आणि त्यात मला मुलांच्या शाळेतली एक जुनी, अर्धी कोरी वही सापडली. मागच्या पानांपासून वहिनींच्या बारीक अक्षरात कामांची यादी लिहिलेली होती. चादरी किती, उशा किती, कोणाला जमिनीवर झोपता येत नाही, पाण्याची टाकी किती वाजता भरायची, बाबांच्या सकाळच्या दोन आणि रात्रीच्या तीन गोळ्या, ताईच्या सासूबाईंना मीठ कमी, चर्चला निघताना गाडीत कोण आणि रिक्षाने कोण, झाडावरच्या दिव्यांच्या माळेचा एक बल्ब गेला आहे, कचऱ्याच्या जादा पिशव्या. मी सहज मोजली तर 61 कामे भरली. सतराव्या ओळीवर माझी नजर अडली. तेथे लिहिले होते, ‘भाऊजींच्या मुलाला धुळीने शिंका येतात, कापसाची उशी नको, आतल्या खोलीतला पंखा पुसून घेणे.’ माझ्या मुलाला हा त्रास आहे हे मी वहिनींना कधीही सांगितलेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी एका लग्नघरी त्याला शिंकांनी बेजार झालेले त्यांनी पाहिले होते, एवढेच. आणि त्याच खोलीत पोहोचल्या दिवशी झोपताना मी बायकोला म्हणालो होतो की येथील हवा चांगली दिसते, पोराला अजिबात त्रास नाही.

ही वही हाती येईपर्यंत मी स्वतःला मदत करणारा माणूस समजत होतो. दिवसातून चार वेळा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ‘वहिनी, काही करू का?’ असे विचारत असे आणि त्या ‘काही नको, बसा तुम्ही’ म्हणत. त्यात माझे कर्तव्य संपत असे. काम करणे आणि काम ध्यानात ठेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि घरातील माणूस दुसऱ्या गोष्टीने जास्त दमतो, हे मला त्या वहीने दाखवले. दारात उभे राहून ‘काय करू?’ विचारणारा माणूस खरे तर एकसष्ट कामांत बासष्टावे काम घालतो, कारण आता त्याच्याजोगे काम शोधून, ते त्याला समजावून, शेवटी ते झाले की नाही हेही बाईनेच पाहायचे असते.

मी ती वही जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. वहिनींना ते मुळीच आवडले नाही; आपली खासगी वस्तू चारचौघांत उघडी केल्यासारखे त्यांना वाटले आणि त्याबद्दल मला त्यांची माफी मागावी लागली. येथेही विचारायचे मी विसरलोच होतो. पण त्या संध्याकाळी पाने फाडून कामांची वाटणी झाली, आणि ताईच्या यजमानांनी एक अट सुचवली ती मला फार मोलाची वाटते. ज्याने काम घेतले त्याने त्याची आठवणही घ्यायची. वहिनींनी कोणालाही आठवण करून द्यायची नाही, काम राहिले तर राहू द्यायचे. दुसऱ्याच दिवशी टाकी भरायची राहिली. ते काम दादाकडे होते. सकाळी सात वाजता माणसांनी भरलेल्या घरात नळ कोरडा पडला, आणि वहिनी, आयुष्यात प्रथमच असावे, त्या प्रसंगी वर्तमानपत्र वाचत शांत बसून राहिल्या. पुढे टाकी एकदाही रिकामी राहिली नाही.

एवढ्याने घर सुरळीत चालू लागले असे मात्र कोणी समजू नये. 24 तारखेच्या रात्री आमचे कडाक्याचे भांडण झाले. निमित्त असे की मध्यरात्रीच्या उपासनेला सर्वांनी जायचे की बाबांना त्रास नको म्हणून सकाळच्या उपासनेला जायचे. दादा म्हणाला सकाळी, ताई म्हणाली आई कधीही मध्यरात्रीची उपासना चुकवत नसे, मी दोन्ही बाजूंना बरे वाटेल असे काहीतरी गुळमुळीत बोललो, आणि पाच-दहा मिनिटांत विषय घड्याळावरून बाबांच्या औषधांवर, औषधांवरून गेल्या नऊ महिन्यांत कोण किती वेळा येऊन गेले यावर आणि तेथून बाबांनी पुढे कोणाकडे राहावे यावर येऊन ठेपला. ‘तुम्ही दोघे पाहुण्यासारखे येता आणि सल्ले देऊन जाता’ हे वाक्य दादाच्या तोंडून निघाले. ते खरे होते, म्हणूनच फार लागले. बाबा त्याच खोलीत खुर्चीवर बसून होते. मध्यरात्रीच्या उपासनेला जायचे की नाही हे त्यांना त्या संपूर्ण वादात कोणीही विचारले नाही.

घरी परतल्यावर मी या विषयावर थोडेफार वाचन केले. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातील 43 घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेने माणसाला स्वतःची घडी पुन्हा बसवावी लागते ती किती प्रमाणात, यासाठी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू 100 गुणांवर, सर्वांत वर. जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू 63. वरिष्ठांशी खटका 23. आणि यादीच्या अगदी तळाशी, मला चकित करणाऱ्या तीन नोंदी होत्या. कुटुंबाच्या एकत्र जमण्याच्या संख्येतील बदल 15, सुटी 13 आणि नाताळ 12. तिन्ही मिळून 40 होतात, म्हणजे साहेबाशी झालेल्या खटक्याहून बरेच अधिक. आनंदाच्या प्रसंगालाही ताणाच्या यादीत जागा मिळावी हे सुरुवातीला विचित्र वाटते. पण ही मोजणी सुखदुःखाची नाही, घडी विस्कटण्याची आहे, हे एकदा लक्षात घेतले की ते पटते. आता त्या रात्रीचा आमचा हिशेब मांडून पाहावा. आम्हा तिघा भावंडांच्या खात्यावर त्या वर्षात 63 आधीच जमा होते आणि बाबांच्या खात्यावर 100. त्यावर हे चाळीस आम्ही आणखी चढवले, तेही सण गोड व्हावा या हट्टापायी. सर्वांना एकाच मापाने मोजणारी ही यादी ढोबळ आहे, तिच्यावर आक्षेपही आहेत, आणि मनाचे असे गुण मांडता येतात यावर माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही. तरीही ‘सणासुदीला भांडण कसले’ हे जे वाक्य आपल्याकडे उठता बसता ऐकू येते, त्यातला भाबडेपणा मला त्या आकड्यांनी दाखवून दिला.

दुसरी नोंद अधिक गंभीर आहे. स्वीडनमधील संशोधकांनी त्या देशातील हृदयविकाराच्या राष्ट्रीय नोंदवहीतून 1998 ते 2013 या सोळा वर्षांतील सुमारे 2 लाख 83 हजार झटक्यांच्या वेळा तपासल्या. 2018 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की 24 डिसेंबरला झटका येण्याचे प्रमाण एरवीपेक्षा 37 टक्क्यांनी अधिक होते, त्यातही रात्री दहाच्या सुमारास ते सर्वाधिक होते, आणि पंच्याहत्तरीपुढच्या व आधीच मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसांत ही वाढ जास्त दिसली. स्वीडनमध्ये नाताळाचा मुख्य सोहळा 24 तारखेलाच असतो. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, आणि राग, दगदग, जागरण व भरपेट जेवण यांपैकी दोषी कोण हेही त्यावरून सांगता येत नाही. मी केवळ इतके सांगतो की आमचे भांडण सुरू झाले तेव्हा पावणेदहा वाजले होते, बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि हे वाचल्यावर मला बराच वेळ पुढचे पान उलटता आले नाही.

बाबांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या सुटीत माझी सर्वांत मोठी चूक त्यांच्या बाबतीत झाली होती. पहिले चार दिवस ते जेवणाच्या टेबलावर गप्प असत. काही विचारले तर मान हलवत, हसत, आणि जेवण आटोपले की आपल्या खोलीत निघून जात. आम्ही सर्वांनी त्याचा अर्थ एकच लावला की आईवाचून त्यांना कशातच रस उरलेला नाही. ताई दोनदा रडली. पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजता मला जाग आली तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत एकटेच बसलेले दिसले. मी शेजारी जाऊन बसलो आणि ते बोलू लागले ते सात वाजेपर्यंत बोलत होते. मधे मी विचारले, बाबा, जेवताना तुम्ही गप्प का असता? ते म्हणाले, ‘अरे, मशीन बंद करून बसतो. तुम्हा सगळ्यांचे बोलणे आणि भांड्यांचा आवाज एकत्र कानावर आदळतो. आवाज सगळे येतात, शब्द एक कळत नाही.’

उतारवयात श्रवणशक्ती कमी होते ती सर्व आवाजांना सारखी होत नाही. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. बोलण्यातील स, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत राहतात. परिणामी समोरचा माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही, आणि पाठीमागे गोंगाट असेल तर उरलेसुरले धागेही तुटतात. श्रवणयंत्र आवाज वाढवते, परंतु भांड्यांचा आणि नातवंडांच्या आरडाओरड्याचा आवाजही त्यातून कमी-अधिक वाढतोच. अशा माणसाशी मोठ्याने ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश आणि एका वेळी एकाने बोलावे लागते. हे सर्व कानाच्या डॉक्टरांनी दादाला वर्षभरापूर्वी सांगितले होते. दादाने ते मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ज्याला आम्ही शोक समजलो तो निम्म्याहून अधिक गोंगाट होता.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेची बैठक ठरून गेली. बाबांजवळ रोज एकाच नातवंडाने किंवा एकाच मुलाने बसायचे. झोपाळू पोरे पाच वाजता उठायची नाहीत, ती सहाला येऊ लागली. अटलांटातील एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांसाठी वीस साधे प्रश्न तयार केले होते. तुमचे आईवडील कसे भेटले हे तुम्हाला ठाऊक आहे का, आजी-आजोबा कोठे वाढले ठाऊक आहे का, अशा धर्तीचे. ज्या मुलांना अशी उत्तरे अधिक ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक दिसला. यावरून उद्या कोणी मुलांकडून वीस उत्तरे पाठ करून घेईल म्हणून ड्यूक यांनी स्वतःच खुलासा केला आहे की माहितीला महत्त्व नाही, ती माहिती ज्या बसण्याबोलण्यातून मुलांपर्यंत पोहोचते त्याला आहे. आमच्याकडे ते डोळ्यांसमोर घडले. बाबा एकदा परीक्षेत नापास झाले होते आणि वर्षभर घरी खोटे सांगत राहिले होते, ही गोष्ट मला पन्नाशीत आणि माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी एकाच आठवड्यात कळली. मुलाने ती माझ्याविरुद्ध लगेच वापरलीही, पण ते असो.

भेटवस्तूंचे प्रकरणही याच जातीचे. दादाने आणि मी, एकमेकांना न विचारता, बाबांसाठी एकाच रंगाचे स्वेटर आणले. ते ठेवायला मी त्यांचे कपाट उघडले तर आत आणखी तीन स्वेटर होते, तिन्हींच्या किमतीच्या चिठ्ठ्या जागच्या जागी. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी 1993 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना, नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी स्वतःच्या खिशातून किती पैसे मोजाल, असे विचारले होते. वस्तूच्या किमतीपेक्षा ही रक्कम एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली, आणि तेवढे मूल्य देवाणघेवाणीत नुसतेच विरून गेले असा निष्कर्ष त्यांनी काढला. अर्थशास्त्रज्ञांच्या या रोकड्या नजरेशी मी सहमत नाही. वस्तूबरोबर माणसाची आठवण येते आणि तिची किंमत कोणी सांगू शकत नाही. परंतु न उघडलेल्या तीन स्वेटरांपुढे उभे राहून हा युक्तिवाद करणे मला जड गेले. शेवटी माझ्या मुलाने आजोबांना सरळ विचारले की तुम्हाला खरोखर काय हवे आहे. बाबा जरा संकोचले. मग म्हणाले, ‘पायाची नखे कोणीतरी कापून देईल का? मला वाकता येत नाही.’ कोमट पाण्याचे घमेले आणून माझ्या पत्नीने त्यांचे पाय भिजवले आणि मी नखे कापली. नखे जाड झाली होती, एक बोटात रुतत चालले होते, आणि गेले चार महिने ते वेदना सहन करत चालत होते. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते, कारण आधी हे काम आई करत असे.

ताईचा मुलगा रुग्णालयात परिचारक आहे. त्याची 24 आणि 25 तारखेला रात्रपाळी होती आणि तो 27 तारखेच्या दुपारी पोहोचणार होता. म्हणजे खऱ्या नाताळाला घरात बाराच माणसे असणार होती. त्यावरून ताई आधीपासून खिन्न होती, आणि त्याने सुटी का मिळवली नाही म्हणून फोनवर त्याला बोलूनही झाले होते. वास्तविक त्या रात्री रुग्णालयात कोणीतरी असायलाच हवे होते. बाबांनी यावर काढलेला मार्ग मला आवडला. 25 तारखेला चर्चला जायचे आणि साधे जेवायचे. भेटवस्तू, गाणी आणि मोठे जेवण 27 तारखेच्या रात्री. लहानांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी आठवण करून दिली की जुन्या ज्युलियन पंचांगाने चालणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही 7 जानेवारीला नाताळ साजरा होतो, कारण त्या पंचांगात आणि आपल्या दिनदर्शिकेत सध्या तेरा दिवसांचा फरक आहे. शिवाय पाश्चात्त्य परंपरेतही हा सण 25 डिसेंबरपासून बारा दिवसांचा धरतात. ‘मग आपण उशीर करतच नाही आहोत,’ असे ते म्हणाले. दोन रात्री जागून आलेला तो मुलगा 27 तारखेला दारात उभा राहिला आणि झाडाखाली सर्व पुडकी जशीच्या तशी बांधलेली त्याने पाहिली, तेव्हा काही क्षण त्याला बूट काढायचे सुचले नाही.

त्याच रात्री पुतणीने गिटार काढली. ताईच्या सासूबाईंना ते रुचले नाही. प्रार्थनेच्या गाण्याला गिटार शोभत नाही असे त्यांचे मत. पुतणीने अतिशय नम्रपणे सांगितले की ‘सायलेंट नाइट’ हे गीत 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे पहिल्यांदा गायले गेले तेच मुळी गिटारच्या साथीने. शब्द तेथील तरुण धर्मगुरू योसेफ मोर यांचे, चाल शाळामास्तर फ्रांझ ग्रूबर यांची. आजी निरुत्तर झाल्या आणि पुढे ताल धरून बसल्या. पण गाणे सुरू झाले आणि दुसऱ्या ओळीला सगळेच थांबले, कारण ती ओळ वरच्या पट्टीत आई गात असे. 24 तारखेच्या भांडणातला उल्लेख सोडला तर गेल्या आठ दिवसांत आईचे नाव कोणी घेतले नव्हते. बाबांना त्रास होईल म्हणून आम्ही टाळत होतो, आणि पुढे कळले की मुलांना त्रास होईल म्हणून बाबा टाळत होते. त्या शांततेत तेच म्हणाले की तिचा सूर नेहमी थोडा चढा लागायचा, आणि आपण तिला कधी सांगितले नाही. एकदम हशा पिकला. ताई हसता हसता रडू लागली. त्यानंतर रात्री एक वाजेपर्यंत फक्त आईच्याच गोष्टी चालल्या होत्या, आणि बाबांचे यंत्र चालू होते.

मोबाइलविषयी लिहायलाच हवे, पण थोडक्यात. जेवताना सर्वांचे फोन टोपलीत टाकण्याचा नियम मी काढला आणि दुसऱ्या दिवशी तो मीच मोडला. मुलांनी त्यावर भाष्य केले नाही, फक्त टोपली माझ्यापुढे सरकवली.

29 तारखेला निघण्यापूर्वी आम्ही तिघे भावंडे, वहिनी, माझी पत्नी आणि ताईचे यजमान असे सहाजण बाबांना सोबत घेऊन बसलो आणि 24 तारखेच्या भांडणातला खरा विषय सकाळच्या उजेडात पुन्हा काढला. या वेळी सुरुवात बाबांना विचारून केली. त्यांना दादाकडेच राहायचे आहे. मात्र दादा-वहिनींना वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस मोकळे मिळावेत आणि त्या काळात आपल्याला ताईकडे किंवा माझ्याकडे न्यावे, असे बाबांनीच सुचवले. हे त्यांच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होते. औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च तिघांत वाटला गेला. महिन्यातून एका रविवारी आळीपाळीने ताईने आणि मी येऊन जायचे ठरले. सर्व मतभेद मिटले असे मी म्हणणार नाही. ताईच्या आणि दादाच्या बोलण्यात अजून थोडी धार आहे, आणि ‘पाहुण्यासारखे येता’ हे वाक्य मागे घेतले गेलेले नाही. ते घेतले जाऊ नये असेच मला वाटते.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की येत्या डिसेंबरातील पुरवणीत सजावटीच्या पानाशेजारी एखादे पान या विषयाला द्यावे. कानाच्या डॉक्टरांकडून घरच्या वृद्धांशी जेवणाच्या टेबलावर कसे बोलावे ते लिहून घ्यावे. सणाच्या दिवशी कामावर असणाऱ्या परिचारिका, पोलीस, बसचालक यांच्या घरी सण कोणत्या दिवशी होतो ते त्यांनाच विचारावे. घरात माणूस गेल्यानंतरचा पहिला सण कसा निभावला, हे वाचकांना लिहायला सांगावे. आणि ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्या बायकांच्या वह्या, त्यांची परवानगी घेऊन, छापाव्यात.

हे पत्र पाठवण्यापूर्वी या वेळी मी न विसरता ते वहिनींना वाचायला दिले, कारण त्यांच्या वहीचा उल्लेख त्यांच्या संमतीवाचून करणे मला योग्य वाटले नाही. त्यांनी ते दोनदा वाचले, संमती दिली आणि एकच दुरुस्ती सुचवली. कामे 61 नव्हती, 64 होती. तीन कामे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिलेली होती आणि मी ती पाहिली नव्हती.

आपला,
एक नियमित वाचक